पाण्याआधी मरण आले तर?

इसवी सन 337 मधली गोष्ट. ईस्टर उलटला आणि रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन आजारी पडला. गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन पाहिले, उतार पडेना. निकोमीडिया शहराच्या वेशीपाशी पोहोचेपर्यंत आपण यातून उठत नाही हे त्याला कळून चुकले होते. त्याने बिशपांना बोलावून घेतले आणि बाप्तिस्मा मागितला. ज्या यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तिथेच आपलाही व्हावा ही इच्छा राहून गेली, असे तो त्यांना म्हणाल्याचे त्याचा चरित्रकार युसेबियस सांगतो. संस्कार झाला. त्याने पांढरी वस्त्रे अंगावर चढवली आणि सम्राटपदाच्या जांभळ्या झग्याला पुन्हा हात लावला नाही. 22 मे रोजी, पेन्टेकॉस्टच्या सणादिवशी, त्याने प्राण सोडला.

हा तोच कॉन्स्टंटाईन. 312 मधली निर्णायक लढाई आपण ख्रिस्ताच्या कृपेने जिंकलो असे तो मानत असे. 313 मध्ये त्याने ख्रिस्ती लोकांना उघडपणे उपासना करण्याची मोकळीक दिली, मोठमोठी चर्च बांधली, 325 मध्ये निकीया येथे बिशपांची परिषद भरवली आणि तिच्यात स्वतः जाऊन बसला. असा माणूस पंचवीस वर्षे बाप्तिस्म्यावाचून कसा राहिला?

श्रद्धा कमी पडली म्हणून, असे उत्तर सुचेल. पण त्या काळच्या लोकांना तसे वाटले नसते. या पाण्याने माणसाची मागची सगळी पापे धुऊन निघतात आणि हे आयुष्यात एकदाच घडते, अशी तेव्हाची ठाम समजूत होती. सम्राटाच्या हातून रोज काय काय होते? युद्धे, देहदंड. 326 मध्ये तर कॉन्स्टंटाईनने आपल्या थोरल्या मुलाला, क्रिस्पसला, ठार करवले होते. एकदाच मिळणारी क्षमा आधीच घेऊन टाकली आणि नंतर असे काही घडले तर पुढे कोणता मार्ग उरला असता? म्हणून तो थांबला. त्याच्यासारखे थांबणारे त्या शतकात हजारोंनी होते.

सुरुवातीच्या चार शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीने बाप्तिस्म्याला तारणाचे दार मानले. पण दाराशी पोहोचण्याआधीच एखाद्याला मरण आले तर काय, या प्रश्नाने तिला कधी स्वस्थ बसू दिले नाही. या संस्काराविषयीची शिकवण धर्मपंडितांच्या ग्रंथांत जेवढी घडली, तेवढीच ती आजाऱ्यांच्या उशाशी, तुरुंगांत आणि लहान मुलांच्या थडग्यांपाशी घडली.

पाण्यात उतरून शुद्ध होणे यहुदी समाजाला नवीन नव्हते. यरुशलेमच्या मंदिराच्या परिसरात आणि मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे पायऱ्या उतरून जायची, खडकात खोदलेली स्नानकुंडे उत्खननात सापडली आहेत. ही शुद्धी वारंवार करायची असे आणि माणूस आपण होऊन बुडी मारत असे. बाप्तिस्मा देणारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योहानाने वेगळेच केले. यार्देनकाठी उभा राहून तो लोकांना पश्चात्ताप करायला सांगू लागला आणि आपल्या हाताने त्यांना बाप्तिस्मा देऊ लागला. यहुदी इतिहासकार जोसेफस यानेही त्याची नोंद केली आहे, त्यामुळे योहान हा निव्वळ शुभवर्तमानांतला माणूस नाही. येशू त्याच्यापुढे येऊन उभा राहिला तेव्हा योहान कचरला, असे मत्तय लिहितो. निष्पाप माणसाला पापक्षमेचे स्नान कशाला, ही अडचण पहिल्या पिढीलाही जाणवली होती, हे त्यावरून दिसते.

नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत बाप्तिस्म्याचे प्रसंग एकामागून एक येतात, आणि ते एका साच्यातले नाहीत. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राचे भाषण ऐकून सुमारे तीन हजार जण बाप्तिस्मा घेतात. गाझाच्या वाटेवर रथातून जाणारा इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रस्त्याकडेला पाणी पाहतो आणि आता अडचण ती कसली, असे फिलिप्पाला विचारतो. दोघे तिथेच पाण्यात उतरतात. फिलिप्पै येथील तुरुंगाचा अधिकारी भूकंपाच्या रात्री पौलाच्या जखमा धुतो आणि पहाट व्हायच्या आत घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतो. ना तयारी, ना मुहूर्त. कुर्नेल्य या रोमन शताधिपतीच्या घरी तर क्रमच उलटा होतो. पवित्र आत्मा आधी उतरतो आणि मग पेत्र म्हणतो, यांना पाणी कोण नाकारणार?

या संस्काराला खोल अर्थ दिला तो पौलाने. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो बाप्तिस्म्याकडे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनासाठी उठणे म्हणून पाहतो. पाण्याखाली जाणारा जुना माणूस तिथेच राहतो. गंमत अशी की हाच पौल करिंथच्या मंडळीला लिहिताना, मी तुमच्यापैकी फारच थोड्यांना बाप्तिस्मा दिला याबद्दल देवाचे आभार मानतो. कोणी कोणाच्या हातून बाप्तिस्मा घेतला यावरून तिथे तट पडले होते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू नीकदेमाला पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्याखेरीज देवाच्या राज्यात प्रवेश नाही असे बजावतो. मार्कच्या शेवटच्या अध्यायात विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेणाऱ्याला तारणाचे वचन आहे. पण त्याच वाक्याच्या दुसऱ्या भागात शिक्षा सांगितली आहे ती फक्त विश्वास न ठेवणाऱ्याला. पुढच्या चार शतकांचा वाद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झाला, असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचे ‘दिदाखे’ नावाचे एक छोटेसे पुस्तक 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथसंग्रहात सापडले. मंडळीचे रोजचे व्यवहार कसे चालावेत यासाठीच्या सूचना त्यात आहेत. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा. वाहते नसेल तर दुसरे चालेल. थंड नसेल तर कोमट घ्यावे. तेवढेही पाणी नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा ओतावे. आधी एकदोन दिवस उपवास करावा. दुष्काळी मुलखातल्या माणसांचा विचार करून लिहिल्यासारखा हा मजकूर आहे. पाणी हवेच, पण पाण्यासाठी कोणी अडून राहू नये.

सिरियात, युफ्रेटिस नदीच्या काठी, दुरा-युरोपोस नावाचे रोमन ठाणे होते. 256 च्या सुमारास इराणच्या सासानी फौजेने वेढा घातला तेव्हा तट मजबूत करण्यासाठी रोमन सैनिकांनी तटालगतची घरे मातीने भरून काढली. शहर पडले, ओस झाले, आणि ती माती तशीच राहिली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन करणाऱ्यांनी ती उपसली तेव्हा एका घरात ख्रिस्ती लोकांची प्रार्थनेची जागा निघाली आणि तिच्या एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड. आजवर सापडलेली ही अशी सर्वांत जुनी खोली. कुंडावर खांबांनी पेललेले छत, त्याच्या आतल्या बाजूला निळ्या रंगावर चांदण्या. कुंडामागच्या भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. आजूबाजूला विहिरीवर आलेली शोमरोनी बाई, बाज उचलून चालू लागलेला पक्षाघाती, पाण्यावरून चालणारा येशू, आणि हातात मशाली घेऊन एका मोठ्या पेटीकडे निघालेल्या स्त्रिया. ही पेटी बहुतेक ख्रिस्ताची कबर असावी. पाण्यात उतरणाऱ्याच्या नजरेसमोर या भिंती असत. पौलाच्या पत्रातले मरण आणि उठणे त्या सीमेवरच्या गावातल्या साध्या माणसांनी रंगांत उतरवले होते. चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलादालनात आहेत.

तोवर बाप्तिस्मा रस्त्याकडेला उरकण्याची गोष्ट राहिली नव्हती. छळाच्या दिवसांत कोण टिकेल, कोण घाबरून पाठ फिरवेल, हे पारखणे भाग होते. म्हणून दीक्षार्थींची शाळा सुरू झाली. रोमच्या हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या एका नियमावलीत ही तयारी तीन वर्षांची सांगितली आहे, आणि माणूस कोणता धंदा करतो याचीही चौकशी आहे. मूर्ती घडवणारा, आखाड्यात झुंजणारा, नाटकात काम करणारा यांना आधी तो धंदा सोडावा लागे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडून तीर्थयात्रेला आलेल्या एगेरिया नावाच्या बाईने यरुशलेममधला असाच प्रकार लिहून ठेवला आहे. नाव नोंदवायला आलेला माणूस बिशपापुढे उभा राहतो. बिशप शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, हा आईबापांना मान देतो का? दारुडा आहे का? खोटे बोलतो का? सगळे ठीक असेल तरच बिशप स्वतःच्या हाताने नाव लिहितो. मग चाळीस दिवस, रोज तीन तास शिकवण.

संस्कार व्हायचा तो ईस्टरच्या आदल्या रात्री. यरुशलेमच्या सिरिल या बिशपाच्या नावे असलेल्या प्रवचनांत तिचे वर्णन आहे. बाहेरच्या खोलीत दीक्षार्थी अंधाराची दिशा म्हणून पश्चिमेकडे तोंड करून उभा राहतो, हात पुढे करतो आणि सैतान समोरच उभा असल्याप्रमाणे त्याला नाकारतो. मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करतो. आतल्या खोलीत सगळे कपडे उतरवायचे, अंगभर तेल लावून घ्यायचे आणि कुंडात उतरायचे. तीन प्रश्न, तीन उत्तरे, तीन बुड्या. स्त्रियांना तेल लावायला स्त्रियाच असाव्यात, असा नियम सिरियातल्या एका तिसऱ्या शतकातल्या ग्रंथात आहे. बाहेर आल्यावर पुन्हा सुगंधी तेल लावले जाई. काही ठिकाणी दूध आणि मध चाखायला देत, कारण आता तो वचनदत्त देशात पोहोचला होता. टर्टुलियन सांगतो की कार्थेजचे नवदीक्षित त्या दिवसापासून आठवडाभर रोजची अंघोळ करत नसत. रोमन माणसाला हमामखान्यावाचून आठवडा काढणे किती जड जात असेल!

हा टर्टुलियन आजच्या ट्युनिशियातला. 200 च्या सुमारास त्याने बाप्तिस्म्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. या विषयावरचे उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने. बाप्तिस्म्याची गरजच नाही असे शिकवणाऱ्या एका स्त्रीला उत्तर म्हणून ते लिहिलेले आहे आणि पाण्याची महती त्याने भरभरून गायली आहे. पण त्याच पुस्तकात तो लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवायला सांगतो. निष्पाप वयाला पापक्षमेची घाई कशाला? ख्रिस्ताला ओळखण्याइतकी मोठी झाली की येतील. अविवाहितांनीही थांबावे, कारण मोहाचे दिवस अजून पुढे आहेत.

इथे त्या ‘एकदाच’चा खरा जाच कळतो. बाप्तिस्म्यानंतर पाप घडले तर? दुसऱ्या शतकात रोममधल्या हर्मासने लिहिले की आणखी एकदाच पश्चात्तापाची संधी आहे. पुढे कडक प्रायश्चित्ताची पद्धत रूढ झाली, पण तीही जन्मात एकदा. साहजिकच लोक पाणी पुढे पुढे ढकलू लागले. नाझियान्झसच्या ग्रेगरीचा बाप स्वतः बिशप होता, तरी मुलाचा बाप्तिस्मा लहानपणी झाला नव्हता. तरुणपणी अलेक्झांड्रियाहून अथेन्सला निघालेले त्याचे जहाज वादळात सापडले. इतरांना बुडण्याचे भय होते. आपण बाप्तिस्म्यावाचून मरणार या विचाराने तो हंबरडा फोडत होता, असे त्याने स्वतः लिहिले आहे. वाचला. पुढे 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या व्यासपीठावरून त्याने चालढकल करणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली. वादळातून वाचलेल्या माणसाचे ते बोलणे होते.

मुलांच्या बाबतीत टर्टुलियनचा सल्ला लोकांनी फारसा मानला नाही. मुले तेव्हा फार मरत. रोमच्या प्रिसिल्ला भूमिगत दफनभूमीतला एक लेख पाहावा. फ्लोरेंतियस नावाच्या बापाने तो आपल्या मुलासाठी, अप्रोनियानससाठी, कोरवला. मुलगा 1 वर्ष, 9 महिने, 5 दिवस जगला. आजीचा त्याच्यावर फार जीव. तो आता राहत नाही हे तिने पाहिले आणि मंडळीकडे मागणे केले की त्याने या जगातून विश्वासणारा म्हणून जावे. एवढेच. लेखात कुठेही सिद्धान्त नाही, युक्तिवाद नाही. पण लहान मुलांचा बाप्तिस्मा कसा रुजला याचे उत्तर माझ्या मते कोणत्याही परिषदेच्या ठरावापेक्षा या आजीने जास्त स्पष्ट दिले आहे.

ठरावही झाले. सुंता आठव्या दिवशी होते, मग बाप्तिस्म्यासाठीही आठवा दिवस पाहावा का, असे फिदस या बिशपाने 253 च्या सुमारास विचारले. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्याबरोबर जमलेल्या 66 बिशपांनी उत्तर दिले की एक दिवसही थांबू नये, देवाची कृपा कोणालाही नाकारता येत नाही. खाटेवर पडलेल्या आजाऱ्यावर नुसते पाणी शिंपडले तर तो बाप्तिस्मा पुरा की अर्धा, असेही सिप्रियनला विचारले गेले. त्याने तो पुरा मानला.

आणि ज्यांना शिंपडण्यापुरतेही पाणी मिळाले नाही, ते? छळाच्या काळात दीक्षार्थीही पकडले जात. 203 मध्ये कार्थेजच्या आखाड्यात मारली गेलेली बावीस वर्षांची पर्पेतुआ अटकेच्या वेळी दीक्षार्थीच होती. अंगावर पिते मूल, बाप येऊन गयावया करतोय, अशा अवस्थेत पहाऱ्यातच तिने बाप्तिस्मा घेतला. तिची कैदेतली टिपणे आज उपलब्ध आहेत. तिच्याबरोबरचा सातुरस बिबट्याच्या एका चाव्याने रक्ताने न्हाला, तेव्हा प्रेक्षकांनी हमामातून बाहेर पडणाऱ्याला म्हणतात तशी आरोळी ठोकली. लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकाने ती चेष्टा उचलून तिचा अर्थच फिरवला: खरेच, याचा दुसरा बाप्तिस्मा झाला. विश्वासासाठी सांडलेले रक्त पाण्याची जागा घेते, ही शिकवण अशी पक्की झाली. क्रुसावरच्या चोराला येशूने त्याच दिवशी सुखलोकाचे वचन दिले होते, हेही सगळ्यांना ठाऊक होते. त्याला कोणी पाण्यात नेले नव्हते.

आणखी एक पाऊल मिलानच्या अँब्रोजने टाकले. त्याची स्वतःची कथाही तशीच. 374 मध्ये लोकांनी त्याला बिशप निवडले तेव्हा तो प्रांताचा अधिकारी होता आणि त्याचाही बाप्तिस्मा व्हायचा होता. आधी बाप्तिस्मा आणि आठवडाभरात बिशपपद. 392 मध्ये एकविसाव्या वर्षी सम्राट दुसरा वॅलेंटिनियन गॉलमध्ये मृतावस्थेत सापडला. बाप्तिस्मा देण्यासाठी त्याने अँब्रोजला निरोप धाडला होता, अँब्रोज वाटेत होता. अंत्यविधीच्या भाषणात समोर सम्राटाच्या बहिणी रडत बसल्या होत्या. अँब्रोजने त्यांना सांगितले की त्याने मागितले होते, म्हणजे त्याला मिळाले. हुतात्मे आपल्या रक्ताने धुतले जातात, याला त्याच्या इच्छेने धुतले.

अँब्रोजच्याच हातून 387 च्या ईस्टरच्या रात्री ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला, मुलगा अदेओदातुस आणि मित्र अलिपियस यांच्यासह. ऑगस्टीनला या विषयाची एक जुनी जखम होती. लहानपणी पोटदुखीने तो मरायला टेकला तेव्हा आई मोनिका बाप्तिस्म्याची तयारी करू लागली. तो बरा झाला आणि बेत पुढे गेला. मोठेपणी थागास्तेत त्याचा एक जिवलग मित्र तापाने बेशुद्ध पडला आणि घरच्यांनी त्याला तशाच अवस्थेत बाप्तिस्मा दिला. मित्र शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीनने त्या प्रकाराची थट्टा केली. मित्रही हसेल असे त्याला वाटले होते. मित्राने त्याच्याकडे शत्रूकडे पाहावे तसे पाहिले आणि मैत्री टिकवायची असेल तर पुन्हा असे बोलू नकोस म्हणून बजावले. काही दिवसांनी ताप उलटला आणि तो गेला. नकळत मिळालेले पाणीही माणसात काही बदल करते, हे ऑगस्टीनने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

पुढे, माणूस जन्मतः पापी नसतो असे शिकवणाऱ्या पेलेगियसच्या अनुयायांशी वाद घालताना हाच ऑगस्टीन फार कठोर झाला. आदामाचे पाप प्रत्येक बाळाबरोबर जन्माला येते, म्हणून बाप्तिस्म्यावाचून गेलेले बाळही देवाच्या राज्यात जात नाही. त्याची शिक्षा सर्वांत सौम्य, पण शिक्षाच. 418 च्या कार्थेज परिषदेने अर्भकांनाही पापक्षमेसाठीच बाप्तिस्मा दिला जातो असे ठरवले. परिणाम मोठा झाला. तीन वर्षांची शाळा, शेजाऱ्यांची साक्ष, पश्चिमेकडे वळणारा हात, हे सगळे हळूहळू मागे पडले आणि बाप्तिस्मा पाळण्यातल्या बाळाचा झाला. शतकानुशतके आया त्या धाकात राहिल्या. अँब्रोजने शोकाकुल बहिणींना दिलेले आश्वासन ऑगस्टीनच्या तर्कापेक्षा येशूच्या शिकवणीला अधिक जवळचे होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कॅथलिक चर्चही अखेर त्याच दिशेने आले. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा बाळगायला गंभीर आधार आहेत, असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनात म्हटले.

मराठी ख्रिस्ती समाजातही हा प्रश्न उठला होता. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती.

मिलानला जाणारे पर्यटक तिथल्या कॅथेड्रलच्या छतावर चढून शहर पाहतात. तुम्ही गेलात तर खालीही उतरा. चौकाखाली जुन्या बाप्तिस्मागृहाचे अवशेष जपून ठेवले आहेत. तिथले अष्टकोनी कुंड चौथ्या शतकातले आहे, आणि ऑगस्टीन त्या रात्री याच कुंडात उतरला असे मानले जाते.